लॉनमधली कोरडी जागा

१

पाइप हिरवा होता, असं मानसिंगरावांना आठवतं. त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणतात, पिवळा. उभा जन्म मानसिंगरावांनी संख्याशास्त्र शिकवण्यात घालवला. दोन निरीक्षणं जुळली नाहीत तर आधी निरीक्षकावर शंका घ्या, हे वर्गात किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. आणि निरीक्षक म्हणून स्वतःवर त्यांचा भरवसा कधीच नव्हता. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, कुलूप ओढून बघायचं, ही खोड तरुणपणापासूनची. त्यात थोरल्या भावाला शेवटी शेवटी स्वतःची मुलं ओळखू येईनाशी झाली, तेव्हापासून हे जास्तच वाढलं. चष्मा सापडला नाही तरी त्यांना आधी भाऊ आठवायचा.

तेव्हा पुढचं सगळं त्यांच्या आठवणीप्रमाणे. पाइपाचा रंग चुकत असेल तर बाकीचंही चुकत असेल. चुकत असावं, अशीच त्यांची इच्छा आहे.

त्या वर्षी जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली आणि सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या घरापुढची शहाबादी फरशी निघाली. लॉनचा हट्ट मथुराबाईंचा.

"तुम्ही दिवसभर पुस्तकात बघता," त्या म्हणाल्या होत्या, "मी कुठं बघू? फरशीकडं?"

यावर मानसिंगराव "हं" म्हणाले होते. त्यांच्या संसारात हे उत्तर बऱ्याच प्रश्नांना चालायचं.

जोतीराम नावाचा माणूस मंद्रूपहून टेम्पो घेऊन आला. टेम्पोत गवताच्या चटया, मातीसकट कापलेल्या, एकावर एक रचलेल्या. जोतीरामचा एक कान कायम फोनला चिकटलेला आणि तोंड दोघांशी एकदम बोलणारं. लाल माती आणि शेणखत पसरून झालं. त्यावर चटया विटांच्या बांधकामासारख्या, सांधे चुकवत अंथरल्या. फटींत वाळू भरली, वरून रूळ फिरला. दुपारपर्यंत फरशीच्या जागी हिरवं अंगण तयार.

"काकू, एक ऐका," जोतीराम फोनवर हात ठेवून म्हणाला. "मुळं धरंस्तवर आत पाय ठेवायचा न्हाय. कुनीबी. पाव्हना न्हाय, मांजर न्हाय. रोज पानी, आन् पाय बंद."

"मांजराला कोण सांगणार?"

"तुमी सांगा की. तुमचं समदी ऐकत्यात."

"समदी ऐकतात रे. एक सोडून," मथुराबाई म्हणाल्या आणि हनुवटीनं व्हरांड्यातल्या खुर्चीकडं खूण केली.

मानसिंगरावांनी पान उलटलं.

२

महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून लॉनला बोअरचं पाणी. चारच्या पुढं ऊन जरा कलतं झालं की मथुराबाई पदर खोचून काठावर उभ्या राहायच्या, पाइपाच्या तोंडावर अंगठा धरून फवारा मारायच्या. मानसिंगराव तेव्हा आतल्या खोलीत पडलेले असायचे. पाणी बंद झाल्याचा आवाज आला की चहाची वेळ झाली, म्हणून ते बाहेर यायचे.

असेच एकदा बाहेर आले तर सगळं लॉन चमकत होतं आणि मधोमध दोन लांबट डाग कोरडे होते. शेजारीशेजारी. घराकडं तोंड करून.

डागांना तोंड असतं असं त्यांना का वाटलं, हे त्यांनी स्वतःला तिथल्या तिथं विचारलं. एक टोक रुंद होतं, एक निमुळतं, एवढंच. डोळ्याला आकार जोडायची सवय असते. ढगांत उंट दिसतात.

"तिथं पाणी पोचलं नाही वाटतं," ते म्हणाले.

"मारलं की सगळीकडं." मथुराबाईंनी बघितलं. "अगं बाई. खरंच की." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. तेवढं गवत पिवळं पडायला लागलं. जोतीराम आला, फळी टाकून तिच्यावरून आत गेला, तळव्यानं थोपटून म्हणाला, "खाली पोकळी ऱ्हायली, काका. मुळाला माती भेटंना. चटईच बदलतो, हाय काय आन् न्हाय काय." त्यानं ती चटई उचलली, खालची माती सारखी केली, नवी बसवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोनवर शिव्या घालत निघून गेला.

पोकळी. मानसिंगरावांना ते पटलं. साधं कारण असताना दुसरं शोधू नये.

संध्याकाळी ते चहाला बाहेर आले. नव्या चटईवर दोन कोरडे डाग होते. जागा तीच. फक्त आज डावा जरा पुढं होता. उभं राहून दमलेला माणूस पाय बदलतो, तसा.

३

त्यानंतर आवाज.

म्हणजे आवाज आधीही असेल, त्यांनी कान दिला नसेल. आतल्या खोलीत गादीवर पडल्यापडल्या त्यांना पाण्याची सरसर ऐकू यायची, आणि त्या सरसरीतून मथुराबाईंचं बोलणं. पुण्याहून लेकीचा फोन असेल, असं ते धरून चालले होते. उत्कर्षा त्याच सुमाराला करायची.

एका दुपारी मथुराबाईंचा फोन त्यांच्या उशाशी, चार्जरला लावलेला, त्यांना दिसला.

बाहेर मथुराबाई बोलत होत्या.

"नाही हो, ती बजाबाई वेगळी. ही आमच्या माहेरची, केमची. स्टेशनवर पेरू विकायची ती... हां! तीच... मग काय, गाडी सुटली आणि पाटी राहिली डब्यात. तशीच धावली रुळाच्या कडेनं, लुगडं खोचून..." आणि मग हसू. मथुराबाई अशा हसतात हे ते विसरूनच गेले होते.

एकटं माणूस स्वतःशी बोलतं, म्हातारपणी तर बोलतंच. पण मानसिंगराव पडून राहिले आणि तिच्या थांबण्याकडं लक्ष देऊ लागले. स्वतःशी बोलणारा माणूस श्वासापुरता थांबतो, त्याचे थांबे साधारण सारखे असतात. हिचे नव्हते. कधी एका शब्दापुरता थांबा, कधी चांगला लांब. आणि लांब थांब्यानंतर "असं होय!" किंवा "मला काय माहीत, तुम्ही कधी सांगितलंत?"

ते उठले, चपला न घालताच व्हरांड्यात आले. मथुराबाई पाइप गुंडाळत होत्या. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

मथुराबाईंनी वर बघितलं आणि जरा चकित होऊन विचारलं, "अय्या. आत कधी गेलात?"

४

थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. बाजारातून आलेला माणूस म्हणायचा, मी घरातून हललोच नाही.

म्हणजे आता आपली पाळी. मानसिंगरावांनी हे एका बाजूनं शांतपणे मान्य केलं आणि दुसऱ्या बाजूनं ते पुरावे शोधायला लागले. आपण दुपारी उठतो, बाहेर जातो, बायकोशी बोलतो, परत येऊन पडतो, आणि यातलं काही आपल्या डोक्यात राहत नाही. त्याला पुरावाही मिळाला. शेजारचे चनबसप्पा, कापडदुकान मुलाच्या हवाली करून दिवसभर गच्चीवर येरझारा घालणारे, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून म्हणाले:

"काय सर! रोज गप्पा रंगतात की तुमच्या. आमची ईरम्मा मला टोमणे मारायली. म्हणते, बघा, एवढे शिकलेले, पण बायकोपुढं हात बांधून कसे उभे राहतात. तुम्ही तर एका जागी बसत न्हाई, ऐकणार कधी?"

"मी उभा असतो?"

"मग? तिथं मधे." चनबसप्पांनी बोट दाखवलं. "लॉन नवीन आहे ना सर? आत उभारलं तर चालतं व्हय?"

चनबसप्पा गेल्यावर मानसिंगरावांनी पायजमा वर ओढला, ओल्या गवतातून मधे गेले आणि त्या दोन कोरड्या डागांवर आपले दोन पाय ठेवले.

टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोबर बसले.

म्हणजे उभा राहणारा आपणच; सुटका झाल्यासारखं वाटलं. त्यांनी पाय उचलले. गवताची पाती दबून आडवी झाली होती. पाय ठेवण्याआधी ती सरळ उभी होती. तासभर ज्यावर माणूस उभा राहिला त्या गवताची पाती सरळ कशी, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यांनी तो बाजूला ठेवला. नको असलेली नोंद बाजूला ठेवू नये, हे त्यांनीच शिकवलं होतं.

डॉक्टरकडं जायला हवं होतं, मथुराबाईंना सांगायला हवं होतं. पण त्या रात्री जेवताना मथुराबाईंनी न मागता शेंगांच्या चटणीवर तेल घातलं आणि ताट पुढं सरकवत म्हणाल्या, "या वयात का होईना, बोलायला लागलात. बरं वाटतं हो. इतकी वर्षं मी भिंतीशी बोलले."

त्यांचा चेहरा उजळला होता. मानसिंगरावांनी घास घेतला आणि "हं" म्हणायच्या ऐवजी काहीतरी म्हणावं म्हणून शोधलं. सापडलं नाही. दुपारी त्यांना कुठून सापडत होतं?

आजार सांगितला तर हे जाईल. ती पुन्हा एकटी पडेल, उत्कर्षा येऊन दोघांना पुण्याला नेईल, आणि मथुरा उरलेला जन्म एका आजाऱ्याची नर्स होईल. न सांगितलं तर? तर विसरणारा मानसिंग तिच्याजवळ उभा राहील आणि आठवणारा आत पडून ऐकेल. विसरणारा, म्हणायचं तर, अधिक चांगला नवरा होता. त्यांना त्याचा हेवा वाटला. स्वतःचाच हेवा वाटावा, हे लक्षण त्यांना भावाच्या आजारातही आठवेना.

५

त्यांनी ठरवलं, आज पडायचं नाही. आज खिडकीत उभं राहायचं, गज धरून. हातात गज आहे म्हणजे आपण आत आहोत. एवढं साधं.

चारच्या पुढं पाणी सुरू झालं. त्यांनी पडदा बोटभर सरकवला. ऊन पश्चिमेकडून तिरपं येत होतं. मथुराबाईंच्या अंगठ्यामागून पाण्याचा पंखा उघडत होता, गवतावर डावीकडून उजवीकडं फिरत होता. मधे आला की तुटत होता. दोन्ही बाजूंना पाणी पडायचं, आणि मधे एक उभी फट राहायची. माणसाच्या उंचीची आणि माणसाच्या रुंदीची. फटीत काही नव्हतं. पलीकडची भिंत दिसत होती.

मथुराबाई त्या फटीशी बोलत होत्या. जरा वर बघत, आपल्याहून उंच माणसाशी बोलावं तसं.

मानसिंगरावांनी दोन्ही मुठींनी गज आवळले. गज उन्हानं तापले होते. आपण आत आहोत. आपण विसरत नाही. मग आनंद का होत नाही?

"मथुरा," ते म्हणाले.

अंगठा सुटला. पाण्याची धार पायाशी पडली. मथुराबाईंनी खिडकीकडं मान वळवली, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिचा जो चेहरा मानसिंगरावांनी पाहिला नव्हता तो त्यांना दिसला. बाई घाबरली होती. अनोळखी पुरुष घरात दिसल्यावर बाई घाबरते, तशी.

"अहो," ती म्हणाली. खिडकीला नव्हे. नजर खिडकीवरच ठेवून, बाजूला, दबक्या आवाजात. "अहो, आपल्या खोलीत माणूस आहे कोणीतरी. जाऊन बघता का? जपून हं."

व्हरांड्याच्या जाळीच्या दाराची स्प्रिंग कुरकुरली.

मग दिवाणखान्यात पावलं, अनवाणी, ओली, घाई नसलेली. जेवणाच्या टेबलाजवळ एक फरशी सुटी आहे, पाय पडला की टक् वाजते. पाहुणे हमखास वाजवतात. घरातली माणसं न बघता तिला वळसा घालतात. पावलं टेबलापाशी आली. टक् वाजलं नाही.

खोलीच्या दारातला पडदा हलत होता, पण पंख्यानंही तो हलतो. पडद्याच्या खालून मोझॅकवर पाण्याचा एक ओघळ आत आला.

मानसिंगरावांनी वाक्य तयार ठेवलं होतं. हे माझं घर आहे. ती माझी बायको आहे. मी मानसिंग.

पडद्यापलीकडून आवाज आला. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, सौम्य, थोडा घसा बसलेला. त्यांचाच.

"कोण आहे?"

याला उत्तर सोपं होतं. दुसऱ्या कुणीही ते ताबडतोब दिलं असतं. पण मानसिंगराव फाटकापासून परत येऊन कुलूप ओढून बघणारे गृहस्थ. खरंच कोण आहे? कशावरून? बाहेरच्याला बजाबाईची गोष्ट माहीत आहे, मला माहीत आहे का? मथुरा कुणाला ओळखते? दोन निरीक्षणं जुळत नसतील तर...

उत्तर द्यायला त्यांना क्षणभर उशीर झाला.

६

लॉनवर पाणी साचत होतं. गवताचा गारवा तळपायांना लागत होता.

"कोण होतं?" मथुराबाईंनी विचारलं. त्या काठावर उभ्या होत्या, पाइप हातात तसाच.

"कोणी नाही," मानसिंगराव म्हणाले. "पडदा हलत होता."

आपण लॉनच्या मधे उभे आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं. खोलीतून इथं आल्याचं आठवत नव्हतं. आठवत होतं ते वेगळंच. जाळीचं दार ढकलल्याचं, टेबलाजवळच्या फरशीला वळसा घातल्याचं. आणि तापलेले गजही आठवत होते, तळहातांवर. त्यांनी तळहात उलटे करून बघितले. गार होते, ओले होते.

"मी घाबरलेच बाई," मथुराबाई म्हणाल्या. "अगदी तुमच्यासारखा दिसला क्षणभर. पण तसा नव्हता. कसला केविलवाणा चेहरा." मग त्यांना आपलंच हसू आलं. "बरं, मी काय सांगत होते?"

"बजाबाईची पाटी सापडली का शेवटी, ते," मानसिंगराव म्हणाले.

त्या दिवसापासून डाग पडले नाहीत. पिवळी जागा भरून आली, कुठं होती तेही ओळखू येईना. जोतीरामनं येऊन एक कोपरा चिमटीत धरून ओढून बघितला. "धरलं, काका. आता कुनाच्या बापाला निगायचं न्हाय. बसा, लोळा, काय पन करा."

ते रोज बसू लागले. मानसिंगरावांना बोलायला सुचत होतं. मथुराबाईंच्या माहेरच्या सगळ्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्या, ज्या ऐकल्याचं आठवत नव्हतं त्याही. चनबसप्पा भिंतीवरून चेष्टा करायचे आणि ईरम्मा आतून चनबसप्पांची. सुखाचे दिवस होते, असं म्हणायला हरकत नाही.

आतल्या खोलीत झोपायचं त्यांनी सोडलं. त्या खोलीची खिडकी बंद करून घेतली, पुढं पुस्तकांचं कपाट सरकवलं. धूळ येते, असं त्यांनी सांगितलं. लॉनवर बसताना ते त्या बाजूला पाठ करून बसतात. कधी पाणी चालू असलं की त्या सरसरीत बारीक हाक आल्यासारखी वाटते, "मथुरा" अशी. मथुराबाईंना ऐकू येत नाही. मानसिंगराव जरा मोठ्यानं बोलू लागतात.

विस्मरण असेल, ते स्वतःला सांगत राहिले. एक झटका येऊन गेला असेल मेंदूला, छोटा. त्यानंतर माणसाचा स्वभाव बदलल्याची उदाहरणं आहेत. त्यांनी वाचली होती.

७

बऱ्याच वर्षांनी मथुराबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड. शस्त्रक्रियेला रक्त तयार ठेवायला सांगितलं.

"यांचंच द्या की," मथुराबाई खाटेवरून नर्सला म्हणाल्या. दुखत असतानाही त्यांना मस्करी सुचत होती. "उत्कर्षाच्या वेळी यांचंच चढवलं होतं मला. बाटली माझ्या डोळ्यांदेखत भरली. तेव्हापासून अर्धी मी यांचीच आहे."

ते खरं होतं. दोघांचा गट एकच, बी पॉझिटिव्ह. तेव्हा रक्तपेढीत त्या गटाचं रक्त नव्हतं आणि वेळही नव्हता, म्हणून थेट त्यांचं घेतलं होतं. बाळंतपणातून मथुरा वाचली ती त्या बाटलीवर. मानसिंगरावांना तो सगळा दिवस आठवतो, सुईसकट.

रक्तपेढीतली मुलगी हसली. "आजोबा, तुमच्या वयाचं रक्त घेत नाही आम्ही." पण ते हटून बसले, काही करायला मिळावं म्हणून. निदान गट तरी तपासून घ्या, म्हणाले. तिनं त्यांचं मन राखायला बोटाला टोचलं, काचेवर थेंब घेतले, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "नाहीतरी जुळला नसता, आजोबा. तुमचा ए आहे."

मथुराबाईंना दुसऱ्या कुणाचं तरी रक्त मिळालं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, काठी घेऊन लॉनवर बसू लागल्या. मानसिंगरावांनी त्यांना काही सांगितलं नाही. काचा बदलल्या असतील, थेंब कमी पडला असेल. एका निरीक्षणावर कुणी निष्कर्ष काढत नाही. त्यांनी शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिलं, मग तिसऱ्या. ओळखीच्या डॉक्टरला, दुसऱ्याच कुणाचं तरी म्हणून, विचारून घेतलं: ए गटाचं रक्त बी गटाच्या बाळंतिणीला बाटलीभर चढवलं तर काय होईल? डॉक्टर म्हणाले, बहुधा मरेल हो ती.

दोन्ही ठिकाणांहून उत्तर आलं. ए पॉझिटिव्ह.